आठव्या सीनमधली बाई

४ फेब्रुवारी, मंगळवार

चोर! दिवसाढवळ्या, सरांसमोर, मध्ये मध्ये पाणी पीत वाचणारा चोर!

आमच्या गटाची पटकथा आज मंजूर झाली. पंधरा मिनिटांची फिल्म, शेवटच्या वर्षाचे निम्मे मार्क. दिग्दर्शक महाराजांनी — ह्यापुढे ह्या वहीत ते 'महाराज'च — ती वर्गात मोठ्याने वाचून दाखवली. एक माणूस. हळवा, बासरी वाजवणारा. घरात बायको, तिच्या तोंडाचा पट्टा अखंड सुरू. आठव्या सीनमध्ये ती किंचाळते, 'जा! पुन्हा तोंड दाखवू नकोस!' तो बॅग उचलतो आणि जातो. दारात अकरा वर्षांची मुलगी.

ती मुलगी मी आहे.

मागच्या वर्षी परीक्षा संपल्यावर कॉलेजच्या जिन्यात बसून ही गोष्ट मी ह्याला सांगितली होती. ह्याला एकट्याला. बाबा बासरी नव्हते वाजवत, टाइल्सच्या दुकानात फरश्या विकायचे. बाकी सगळं उचललेलं. आयत्या बिळावर नागोबा!

बाहेर गाठलं त्याला. म्हटलं, ही माझी गोष्ट आहे. तर म्हणतो, "गोष्ट कुणाची नसते गं. ती हवेत असते, आपण फक्त पकडायची." आणि लगेच, "प्रॉडक्शन तू बघशील ना? तुझ्याइतकी धावपळ कोणाला जमते?"

हो म्हटलं मी. हो! का, तर मार्क. आणि दुसरं — माझ्या बापाचं काम कोण करतंय ते मला बघायचंय.

५ फेब्रुवारी

पहिली मीटिंग, कॅन्टीनमध्ये. आम्ही चौघं. महाराज. कॅमेऱ्याला 'चौकट' — तो दोन्ही हातांच्या बोटांची चौकट करूनच जगाकडे बघतो. आज कचऱ्याच्या डब्याची केली आणि म्हणाला, "प्रकाश बघा." साउंडला 'कान' — दिवसाला चार वाक्यं बोलते, त्यातली तीन 'जरा पंखा बंद करा'. आणि मी.

प्री-प्रॉडक्शन म्हणजे काय ते आज समजलं. महाराज विचार करतात आणि मी फोन करते.

७ फेब्रुवारी

आज बॅग. महाराजांचा मेसेज आला होता : 'बॅग दुःखी हवी.'

जुन्या सामानाच्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "दुःखी म्हणजे कशी?"

"म्हणजे... खूप सोसलेली."

"मग ही घ्या. चाक गेलंय, चेन अडकते, आणि आधीच्या मालकाचा वास अजून आहे. ह्याहून जास्त कोण सोसणार, ताई?"

फोटो पाठवला. महाराजांचं उत्तर : 'हिच्यात विरह आहे. पण अपराधी भाव नाही.'

उन्हात तीन दुकानं फिरले त्या अपराधी भावासाठी. शेवटी पहिलीच बॅग दुसऱ्या बाजूने फोटो काढून पाठवली. 'हीच ती!!' म्हणाला.

बाबा एक प्लास्टिकची पिशवी आणि टेबलफॅन घेऊन गेले होते. टेबलफॅन! सुचेल का कुठल्या दिग्दर्शकाला?

८ फेब्रुवारी

कॉलेजच्या फाटकावर ऑडिशनचा कागद चिकटवला. 'बाप हवा' असं मोठ्या अक्षरांत, खाली माझा फोन नंबर. दोन तासांत सव्वीस टवाळ फोन.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज अकरा बाप झाले.

वाक्य सगळ्यांना एकच : 'मला ह्या घरात श्वास घेता येत नाही.' व्यायामशाळेतला मास्तर आला. त्याला खरंच श्वास येत नव्हता, पण तो शर्टामुळे. विमा एजंट आला, जाताना चौघांना कार्ड देऊन गेला. एकाला दमा होता, तो पंप घेऊनच आलेला. महाराज भारावले. "हा सच्चेपणा बघा!" कान म्हणाली, "अरे, त्याला आधी पाणी द्या."

समोर बायकोची वाक्यं वाचायला कोण? अर्थात मी. 'जा! पुन्हा तोंड दाखवू नकोस!' अकरा वेळा. पहिल्या दोनदा वाचलं. मग पाठ झालं. मग कागद खाली ठेवला. अकराव्या वेळी असं काही निघालं तोंडातून की चौकटीने बोटं खाली घेतली.

महाराज म्हणाले, "वा! हे कुठून आणलंस?"

"हवेतून."

कळलं नाही त्याला. पालथ्या घड्यावर पाणी.

त्या अकराव्यालाच घेतलं. चष्म्याच्या दुकानात नोकरी, पन्नाशीचा, बोलणं अगदी हळू. त्याने एवढंच विचारलं, "हा माणूस घरातून निघतो, पण जातो कुठे?"

महाराज म्हणाले, "ते महत्त्वाचं नाही."

"बघणाऱ्याला नसेल हो," तो म्हणाला. "पण जाणाऱ्याला पाय कुठेतरी टाकावा लागतो."

१२ फेब्रुवारी

दिवसभर घसा बसलेला. आई म्हणाली, "कोणाशी भांडलीस?" नाटकाचं होतं म्हटलं.

१४ फेब्रुवारी

स्वयंपाकघर मिळत नाही! सात बघितली. कुणाचं 'फार सुखी', कुणाचं 'फार गुळगुळीत'. एका घरी महाराज ओट्यावर हात फिरवून म्हणाले, "इथे कोणी रडलेलं नाही." त्या घरातल्या बाई म्हणाल्या, "थांब, सिलेंडर संपला की ये."

शेवटी मीच म्हटलं, आमचं बघा. का म्हटलं? चिडूनच. म्हटलं, ज्या ओट्याची गोष्ट ढापलीस त्या ओट्यापुढे उभा तर राहून दाखव! उद्या दुपारी आई लॅबमध्ये असते. येतील आणि जातील.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आई लवकर आली.

आई पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढते. वीस वर्षं. एका टोचण्यात शीर सापडते तिला, कोणाचीही. दार उघडून आत आली तर चौकट ओट्यावर चढलेला, महाराज फ्रिज ढकलतायत, आणि कान भिंतीला कान लावून उभी. दुसरी कोणी असती तर झाडू घेतला असता. आई म्हणाली, "बसा. चहा टाकते."

महाराजांना सगळं आवडलं होतं. "फार खरं आहे घर, काकू. जरा जास्तच. थोडं कमी करू आम्ही." आणि मी डोळे वटारायच्या आत पटकथा तिच्या हातात!

आईने चष्मा लावला. रिपोर्ट वाचते तशी वाचली, ओळीखाली बोट ठेवून. आठव्या सीनपाशी बोट थांबलं.

"ही बाई एवढी का ओरडते रे?"

"ती त्याला समजूनच घेऊ शकत नाही, काकू. तिचा आत्मा कोरडा आहे."

"अस्सं." पान उलटलं. "ही कामाला वगैरे जाते का?"

"ते आपण दाखवत नाही."

"मग दिवसभर करते काय?"

"ओरडते," चौकट म्हणाला. अगदी मनापासून.

आई हसली. माझ्याकडे न बघता. महाराजांनी वही काढली. "काकू, तुम्ही फार नॅचरल बोलता. बायकोचं काम करेल त्या नटीला तुमच्याकडे पाठवतो दोन दिवस." कानाने तेवढ्यात माझ्याकडे बघितलं. तिला कळलं, मला वाटतं. ती ऐकते ना.

ते गेले. आई कप विसळत होती. पाठमोरी.

"त्याला तू सांगितलंस?"

"हो."

"असंच?"

"त्याने खूप बदललंय, आई."

"काय बदललं?"

मी आठवत बसले. खरंच बसले. नळ वाहत होता.

"बासरी," मी म्हटलं.

तिने नळ बंद केला, हात पुसले आणि कपडे काढायला गच्चीवर गेली.

१६ फेब्रुवारी

लिहून टाकते. ही वही तरी कोणाला वाचून दाखवायची नाहीये.

त्या दिवशी मी दारात नव्हतेच. शाळेत होते. घरी आले तर पंखा नव्हता, बाबांचं दाढीचं सामान नव्हतं. आई म्हणाली, "बाबा आता दुसरीकडे राहणार." बस! पुढे कितीदा विचारलं तरी तेवढंच. मग बाकीचं मी रचलं. तिचं ओरडणं, ते वाक्य, दारातली मुलगी — सगळं माझं. नऊ वर्षं घासून घासून इतकं गुळगुळीत केलं की मलाच खरं वाटायला लागलं. बाबांना विचारायचं तर आमची गाडी 'अभ्यास कसा चाललाय' आणि 'जेवलीस का' ह्यापुढे कधी गेली नाही. तीन वर्षं तर तेही नाही.

महाराजांनी काय चोरलं? माझं खोटं. आणि मी इथे पहिल्या पानावर 'चोर, चोर' करून वही डोक्यावर घेतली. चोराच्या उलट्या बोंबा!

१७ फेब्रुवारी, सोमवार

सकाळी आई तिचा लॅबचा कोट इस्त्री करत होती. मी म्हटलं, "सांग ना मग. खरं काय झालं?"

तिने कॉलर आधी पूर्ण केली.

"दुकानातून त्यांना काढलं होतं. मला सांगितलं नाही. चार महिने रोज डबा घेऊन निघायचे आणि संध्याकाळी यायचे. मला कसं कळलं, तर त्यांच्याच दुकानातला एकजण रक्त द्यायला आला. म्हणाला, वहिनी, फार वाईट झालं साहेबांचं."

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही. त्याला म्हटलं, मूठ घट्ट धरा."

"आणि बाबांना?"

"त्यांनाही काही नाही. माणूस आपणहून सांगेल म्हणून आठवडाभर थांबले. रोज डबा भरून दिला. मग एक दिवस खुर्चीवर बसले आणि म्हणाले, दादाकडे जातो, तिकडे काम बघतो. मी म्हटलं, पंखा घेऊन जा, तिकडे उकडतं."

"एवढंच?"

"एवढंच. काम मिळालं त्यांना. मग तिकडेच राहिले. परत का आले नाहीत ते मलाही नीट माहीत नाही गं."

"मला का नाही सांगितलंस? मी तुलाच..."

"माहीत आहे." बाही उलटली. "बाप चार महिने खोटं बोलला हे अकराव्या वर्षी कशाला कळायला हवं? आणि रागवायला माणूस समोर लागतो. मी समोर होते."

कोट घालून कामावर गेली. शेजारच्यांच्या मांजराला 'सरक गं' म्हणाली जाता जाता. मी इस्त्री बंद केली. तीच विसरली होती, आयुष्यात पहिल्यांदा.

१९ फेब्रुवारी

मीटिंगमध्ये उभी राहून सांगितलं. गोष्ट माझी आहे, आणि मी ती खोटी सांगितली होती. त्या दिवशी चहा दिला ना, ती ही बाई.

चौकट म्हणाला, "बाप रे, मी त्यांना काय म्हणालो!" महाराजांनी पटकथेची पानं पुढेमागे चाळली. मग म्हणाले, "पण किचन मिळालंय ना आपल्याला?" धन्य!

कान म्हणाली, "खरं काय झालं?" सांगितलं. पंखा, डबा, सगळं.

महाराज म्हणाले, "पण... ह्यात भांडणच नाही."

"नाही."

"मग बघेल कोण?"

"मी ऐकीन," कान म्हणाली. आजचं तिचं पाचवं वाक्य!

सरांनी आठवड्याची मुदत दिली. आठवा सीन मी लिहायचा. महाराजांनी बासरी सोडली, रडतखडत. फिल्मच्या शेवटी येणाऱ्या नावांच्या पाटीवर 'कथा'पुढे माझं नाव आधी, मग त्याचं. त्याने दोनदा खोडून बघितलं.

२० फेब्रुवारी

लिहिला. दोनच पानं. बाई डबा भरते. तिला कळलंय. त्याला माहीत नाही की तिला कळलंय. तो जातो, ती दार लावते. आईला दिला. वाचला आणि म्हणाली, "ठीक आहे. दोन दिवस घे स्वयंपाकघर. पण बाबांना विचार आधी. गोष्ट त्यांचीही आहे."

अठ्ठावीस परवानग्या घेतल्या मी ह्या पंधरा दिवसांत. वॉचमनच्या कुत्र्यापर्यंत! ही एक सुचली नाही.

दोन्ही पानांचे फोटो काढून बाबांना पाठवले. वर काय लिहावं कळेना. 'कॉलेजचं काम आहे' लिहिलं.

२१ फेब्रुवारी

दोन निळ्या खुणा. उत्तर नाही.

२२ फेब्रुवारी, शनिवार

बाबांचा मेसेज. जसाच्या तसा उतरवते :

'वाचलं. करा फिल्म. एक चूक आहे. तिला कळलंय हे मला माहीत होतं. ती त्या आठवड्यात मला रोज खाली रस्त्यापर्यंत सोडायला यायची. त्याआधी कधी आली नव्हती. सहा दिवस मी मागे वळून हात केला. सातव्या दिवशी, पंखा घेऊन निघालो तेव्हा, नाही जमलं.'