अंबरीशला हवाली करण्यापूर्वी

मी, सुचित्रा यशोधन टिपणीस, वय अठ्ठावन्न, नोकरी करार-सल्लागाराची, सध्या मुक्काम वादी कबीर, मस्कत, कायमचा पत्ता बाणेर, पुणे, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप तेवढी कामातून गेली आहे आणि ती येत्या आठवड्यात बदलायची आहे. कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही, असं इथे लिहायची रीत आहे. माणसाचा दबाव नाही हे खरं. भीतीचा दबाव कायद्यात धरत असतील तर तो आहे, आणि शेवटच्या ओळीपर्यंत राहणार आहे.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेलं नाही. आयुष्यभर करार इंग्रजीत लिहिले. हा कागद मराठीत लिहिते, कारण इंग्रजीत लिहायला बसले की मी कचेरीतली बाई होते.

कलम १. माझी माणसं. पती यशोधन चार वर्षांपूर्वी वारले. मुलगी सावनी विवाहित असून पुण्यात राहते. तिला इरा नावाची लहान मुलगी आहे. मुलगा अंबरीश, वय सत्तावीस, स्वमग्न आहे. उंचीने वडिलांवर गेला आहे, ताकदीने त्यांच्याहून जास्त. बोलतो मोजके शब्द. भूक लागली तर सांगतो, दुखलं तर सांगता येत नाही. घाबरला की तो हसतो. मोठ्याने, खदखदून हसतो. वाचणाऱ्याने हे वाक्य कृपा करून पुन्हा एकदा वाचावं.

अंबरीश इथे माझ्या व्हिसावर राहतो. मी गेले की त्याचा इथला मुक्काम संपला. त्यामुळे हा कागद ऑपरेशनच्या आधी पुरा व्हायला हवा.

कलम २. बाणेरचा फ्लॅट माझ्या एकटीच्या नावावर आहे, त्यावर कोणाचा बोजा नाही. तो माझ्या पश्चात सावनीने सांभाळावा, भाड्याने द्यावा आणि भाडं अंबरीशसाठी वापरावं. अंबरीशनंतर फ्लॅट सावनीचा. बँकेतल्या ठेवी आणि कंपनीकडून मिळेल ते सगळं याच रीतीने. सावनीला मी अंबरीशची पालक आणि या मृत्युपत्राची व्यवस्थापक नेमते. यशोधनची पुस्तकं जावयांना द्यावीत. ती ते वाचणार नाहीत, पण फेकणारही नाहीत.

कलम ३. माझे दीर राजीवभावजी यांच्याकडे यशोधनचा कॅरम बोर्ड आहे. गणपतीत खेळायला म्हणून नेला होता, त्याला आता पुष्कळ गणपती झाले. तो त्यांनाच दिला असं समजावं. स्ट्रायकर मात्र माझ्याकडे आहे आणि तो इराला द्यावा.

समोरच्या शहनाजला आणि सिराजभाईंना या कागदात मी काही ठेवलेलं नाही. शहनाज साक्षीदार म्हणून सही करणार आहे, आणि साक्षीदाराला किंवा तिच्या नवऱ्याला ठेवलेलं टिकत नाही. ती म्हणाली, “मग सही दुसऱ्या कोणाची घे ना गो, तुजी मशीन मना पायजे!” दहा वर्षं तिचा डोळा आहे त्या शिवणयंत्रावर. शेवटी यंत्र मी आत्ताच तिच्या दारात नेऊन ठेवलं आणि सही तिचीच घ्यायचं ठरवलं. गाडीही सिराजभाईंच्या नावावर करून दिली आहे. त्यांचं गाड्यांच्या एसीचं वर्कशॉप आहे आणि माझ्या गाडीची सगळी दुखणी त्यांना तोंडपाठ आहेत.

अंबरीशला पुण्याला न्यायची वेळ आली तर सिराजभाईंनी न्यावं. मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “वैनी, टेन्शन नका घेव. माज्याबरोबर तो शांत बसतो. इन्शाल्ला तुमीच याल परत, पण नाय आलात तर मी हाय.” शहनाज तर म्हणत होती, त्याला आमच्याकडेच राहू दे. व्हिसा कोण देणार, असं विचारल्यावर ती रडायला लागली. आम्ही दोघी रडलो आणि मग चहा केला.

कलम ४. माझ्या कामाविषयी लिहिणं भाग आहे, कारण पुढची कलमं त्यातून निघाली आहेत. इथल्या रुवी भागातल्या एका सल्लागार कंपनीत मी सरकारांसाठी करार लिहिते. आधी पाणी, रस्ते, इस्पितळांची साफसफाई असली कामं होती. सध्या एका परक्या देशाचं काम आहे. त्याचं नाव लिहायला मला मनाई आहे. त्या सरकारला आपले तुरुंग खाजगी कंपन्यांना चालवायला द्यायचे आहेत. देताना कंपनीवर काय काय बंधनं घालायची, ती मानकं आम्ही लिहितो. एका कोठडीत किती माणसं, त्यांच्यामागे किती पहारेकरी, आजाऱ्याला डॉक्टर किती वेळात, बळ कधी वापरायचं आणि वापरलं तर कोणाला कळवायचं.

लोकांना हे काम कोरडं वाटतं. मला कधी वाटलं नाही. त्यातलं एकेक कलम कुठेतरी कोणाच्या तरी अंगावर काहीतरी होऊन गेल्यावर लिहिलेलं असतं. बंद्याला पलंगाला बांधून ठेवू नये, असं कोणी उगाच लिहीत नाही. मी मानकं वाचते तेव्हा मला ती माणसं दिसतात. अलीकडे त्या सगळ्यांना अंबरीशचा चेहरा असतो.

मागल्या वर्षी, त्यांनी आधीच एका कंपनीकडे दिलेल्या तुरुंगाच्या पाहणीला गेले होते. स्वच्छ जागा, कोऱ्या चादरी. आमच्या आधीच्या लोकांनी घातलेलं एक कलम होतं: प्रत्येक बंद्याला रोज एक तास उघड्या आकाशाखाली. तो तास कंपनी भर दुपारी द्यायची. सिमेंटचं अंगण, सावलीचा तुकडा नाही. त्या उन्हात कोणी भांडत नाही, पळत नाही, म्हणून पहारेकरी कमी लागतात. मी विचारलं तर व्यवस्थापक अगदी नम्रपणे म्हणाला, “मॅडम, कोणत्या वेळी ते कुठे लिहिलंय?” मस्कतमध्ये राहणाऱ्या बाईला दुपार म्हणजे काय ते सांगायला नको. माणसं भिंतीला पाठ लावून, पाय आळीपाळीने उचलत उभी होती. कलम मात्र काटेकोर पाळलं होतं.

कलम ५. तळेगावच्या पुढे मोठ्या मुलांसाठी एक निवासी संस्था आहे. खाजगी आहे, दरमहा आकार घेऊन चालवतात. माझ्या पश्चात अंबरीशला तिथे ठेवावं, हा राजीवभावजींचा आग्रह. “वहिनी, तिथे कमी काय आहे? जेवण चांगलं, एसी आहे, जागोजागी कॅमेरे आहेत,” असं ते म्हणाले. कॅमेरे आहेत हे ऐकून त्यांना बरं वाटतं. कॅमेरा कुठे नाही, हा माझा पहिला प्रश्न असतो.

गेल्या हिवाळ्यात त्याला एक आठवडा तिथे ठेवून पाहिलं. माणसं वाईट नाहीत, हे मी मुद्दाम लिहिते. तिथून त्यांनी एक व्हिडिओ पाठवला आणि भावजींनी तो घरच्या ग्रुपवर टाकला. अंबरीश खुर्चीत बसला आहे. एक माणूस त्याची नखं कापतो आहे, दुसरा मागे उभा राहून त्याच्या खांद्यांवर हात ठेवून आहे. आणि अंबरीश खदखदून हसतो आहे. सगळ्यांनी खाली लाल बदामाची चिन्हं टाकली. कोणीतरी लिहिलं, घरच्यापेक्षा खूश दिसतोय.

त्याची नखं मी तो झोपेत असताना कापते. एका वेळी एक बोट, कधी दोन. दहा बोटांना आठवडा जातो. जागेपणी नखांना हात लावला तर तो स्वतःचा हात चावतो. तिथे एका बैठकीत दहाही नखं स्वच्छ, गोल कापली होती. घरी आल्यावर मी ती बोटं हातात घेऊन बसले. कुठे ओरखडा नव्हता. मी संस्थेला फोन केला तर बाई म्हणाल्या, “अहो, किती को-ऑपरेट केलं त्याने! सारखा हसत होता.” त्या खोटं बोलत नव्हत्या. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

कलम ६. त्या संस्थेशी किंवा तशा दुसऱ्या कुठल्याही संस्थेशी करार करताना सावनीने पुढील अटी लिहून घ्याव्यात. अंबरीशच्या खोलीला बाहेरून कडी नसावी. “बाहेरून” हा शब्द कोणी गाळू पाहिला तर गाळू देऊ नये. शांत राहण्याचं औषध डॉक्टरांच्या आणि सावनीच्या लेखी संमतीशिवाय देऊ नये, आणि माणसं कमी आहेत म्हणून तर मुळीच देऊ नये. कोणीही, कोणत्याही कारणाने, त्याला धरून ठेवलं तर त्याच दिवशी सावनीला फोन करावा. तो हसत होता हे उत्तर चालणार नाही. भेटीला सावनीने न कळवता जावं, जेवणाच्या वेळी जावं, आंघोळीच्या वेळी जावं. कळवून गेलीस, सावनी, तर तुला ताज्या रंगाचा वास येईल. तुरुंगांच्या पाहणीला कळवून गेले तेव्हा मला दर वेळी आला आहे.

त्याला रोज बाहेर न्यावं. सकाळी न्यावं किंवा ऊन उतरल्यावर. सावलीत न्यावं, पायात चपला असाव्यात. त्याला नको असेल तर नेऊ नये, पण नको म्हणतोय अशी सबब सांगून रोजही टाळू नये. बरोबर माणूस असावा, तो फोनवर बोलत नसावा, त्याने अंबरीशचा दंड धरू नये, तळहात पुढे करावा, अंबरीशने धरला तर धरावा, आणि रस्त्यात कुत्रं असेल तर

इथवर लिहून मी थांबले. कचेरीतले सहकारी उत्तम रणदिवे दुसरे साक्षीदार आहेत. त्यांनी ही पानं वाचली आणि चष्मा काढून ठेवला. म्हणाले, “मॅडम, किती लिहाल? तुम्हीच आम्हाला शिकवलंत, लिहिलेलं सगळं पाळूनही हवं ते करता येतं.” मी त्यांच्यावर चिडले. मग म्हटलं, वाक्य अर्धंच राहू दे.

कलम ७. ही अटींची पानं मी सावनीला फोटो काढून पाठवली. मग तिचा फोन आला.

“आई, हे काय आहे? मी कंत्राट काढणार आहे का त्याचं?”

“तू त्याला तिथे ठेवणार, म्हणून लिहिलंय.”

“मला एकदा विचारलंस का, तू ठेवशील का त्याला तुझ्याकडे म्हणून?”

मी विचारलं नव्हतं. उत्तर ऐकायची छाती नव्हती. मग विचारलं. ती रडत होती, पण शब्द स्पष्ट होते. “नाही ठेवू शकणार, आई. मला भीती वाटते त्याची. दिवाळीत त्याने ढकललं तेव्हा इराच्या कपाळाला टाके पडले. तो फटाक्यांना घाबरला होता, कळतं मला. तो व्हिडिओ बघून मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि बाहेर येऊन बदाम टाकला. काकाला काय सांगणार होते? आणि तरीसुद्धा मी त्याला घरी नाही ठेवू शकणार. खोटं हो म्हटलं असतं तर तुला बरं वाटलं असतं का?”

मी म्हटलं, “हो.”



म्हणून हे कलम. सावनीने अंबरीशला घरी ठेवावं असं बंधन मी तिच्यावर घालत नाही. फ्लॅट, ठेवी, काहीच त्या अटीवर अवलंबून नाही. तिने त्याला संस्थेत ठेवलं म्हणून कोणी तिला बोल लावू नये. राजीवभावजींनी तर नाहीच, आणि चांगलं केलंस असंही म्हणू नये. आमच्या मानकांत एक गोष्ट सगळ्यात वर असते: जो तुरुंग चालवतो, त्याने कोणाला कधी सोडायचं हे ठरवायचं नाही. अंबरीशला तिथून बाहेर काढायचा अधिकार फक्त सावनीचा. कोणत्याही दिवशी, कारण न देता. काढून कुठे न्यायचं ते मला सुचत नाही. पण अधिकार तिचा आहे.

कलम ८. माझ्या आईच्या दोन पाटल्या बँकेच्या लॉकरमध्ये आहेत. त्या सावनीला द्यायचं तिच्या लग्नातच ठरलं होतं. तिची माफी मागून ते बदलते.

पाहणीला गेले त्या तुरुंगाच्या फाटकात एक बाई कानातलं काढून पहारेकऱ्याच्या मुठीत ठेवताना मी पाहिली. तिचा मुलगा आत होता. कर्मचाऱ्याने बंद्याच्या नातेवाइकांकडून काहीही घेऊ नये, असं कलम आहे, आणि ते माझ्या हातचं आहे. ज्यांच्या आयांच्या कानात काही नाही त्या मुलांचं काय, म्हणून ते लिहिलं. कलम बरोबर आहे. आजही माझं तेच मत आहे.

अंबरीशच्या मजल्यावर जो कोणी कामाला असेल, त्याच्या घरचा पत्ता सावनीने काढावा आणि संस्थेला न कळू देता तिथे जावं. माझं नाव सांगावं, अंबरीश माझा मुलगा आहे एवढं सांगावं आणि पाटली त्याच्या बायकोच्या हातात ठेवावी. पावती घेऊ नये. दोन्ही एकदम देऊ नयेत. एक द्यावी, आणि दुसरी आहे हे त्यांना कळू द्यावं.

वरील आठही कलमं मी साक्षीदारांसमोर वाचून दाखवली, आणि त्या दोघांनी माझ्यासमोर व एकमेकांसमोर सह्या केल्या.

लिहून देणार: सुचित्रा यशोधन टिपणीस (सही)

साक्षीदार:
१. शहनाज सिराज परकार, राहणार वादी कबीर, मस्कत (सही)
२. उत्तम रणदिवे, राहणार रुवी, मस्कत (सही)

ठिकाण: मस्कत
दिनांक: १९ नोव्हेंबर २०२४