चिपाडाचा गिलावा

१२ मार्च, गुरुवार
वसरीच्या भिंतीला पुन्हा तडा. मागच्या खेपेला लेकीच्या, साधनाच्या सासूनं, उषाबाईनं, त्यात बोट घालून पाह्यलं. म्हणे, विहीनबाई, ह्याच्यातून तीर्थपुरीचा बाजार दिसतो का? २२ला परत येणार. तवर भिंत अशी करते की बोट काय, नजर शिरणार न्हाई.

१३ मार्च, सकाळ
मोबाईलात व्हिडिओ पाह्यला. सिमेंटच्या मालात झाडाचा धागा मिसळला की तडा जात न्हाई. यात काय नवीन? माझी माय मातीत ताग कातरून टाकायची. तिचा कुणी व्हिडिओ काढला न्हाई.

दुपार
तातेराव मिस्त्री म्हणे, अंबाडीचा वाख, म्हंजी सालीचा धागा, घालू, मिळायला दोन दिस लागतील. दोन दिस! रसवंतीपुढं उसाच्या चिपाडाचा ढीग पडलाय. फुकट. दोन पोते आणले.

१४ मार्च
चिपाड कुटलं. तातेराव म्हणे, काकू, गोडीनं सिमेंट धरत न्हाई, उकळून वाळवून घ्या. मी म्हणलं, गढीच्या चुन्यात गूळ घातलेला, अजून उभी हाय. तो म्हणे, तो चुना व्हता. मी म्हणलं, थापी चालव, तोंड नको. जल्दी काम झालं. भिंत झकास.

१५ मार्च
ओली हाय. ऊन कमी पडलं असंल. आमचे मालक म्हणे, पापड तर घंट्यात वाळले.

१७ मार्च
बोट लावलं. आत गेलं. पक्क्या कामाला टाईम लागतोच. लोकांना धीर कसा तो न्हाई.

१९ मार्च, पाडवा
लाल मुंग्या, रांगच रांग. सणाला मुंग्या शुभ. हळद टाकली. मालक म्हणे, गुढीच्या साखरगाठी सोडून भिंतीवर कशाला चढल्यात? मालकांना पुरणपोळी वाढली, गप बसले.

२१ मार्च
शेळी भिंत चाटून राह्यली. बांधली तिला. भिंतीवर सतरंजी टांगली. बिलकुल कळत न्हाई.

२२ मार्च, रविवार
उषाबाई आल्या. दमले बाई म्हणल्या अन् सतरंजीला टेकल्या. सतरंजी, गिलावा, मुंग्या, सगळं त्यांच्या अंगावर. मागं जुना तडा, जसाच्या तसा.
हसल्या न्हाईत. पदर झटकला. म्हणे, आमच्याकडं अंबाडीचा वाख हाय, पाठवू का? दोन दिस लागतील.
म्हणलं, लागू द्या.