मोबाईलमधलं लग्न

प्रिय राजदीप,

मेसेज केला असता तर तू एखादा हसरा चेहरा पाठवून मोकळा झाला असतास, म्हणून कागदावर लिहिते आहे. दारव्ह्याला तुझ्या गोविंदामामांच्या मोबाईल दुकानाच्या पत्त्यावर पाठवते. पत्र आधी त्यांनी फोडलं तरी चालेल.

दोन वर्षं आपण त्या गेममधल्या गावात राहिलो. नदीकाठी घर बांधलं, खिडक्या तू निळ्या केल्यास, अंगणात जांभूळ मी लावलं. आमच्या तांड्यात मी किराणा आणायला निघाले तरी देवीलालची पोरगी कुठं चालली, असं लोक विचारतात. गेममध्ये मात्र मी अंधारात एकटी फिरले, अनोळखी माणसांशी भांडले, अख्ख्या टोळीची म्होरकी झाले. आडनाव कोणी विचारलं नाही. तू बौद्ध, मी बंजारा, हे आपणच एकमेकांना सांगितलं आणि हसलो. ते सगळं खोटं होतं असं मी कधीच म्हणणार नाही. चारचौघांत बोलायचा धीर मला तिथंच आला.

पण तिथं पाय रमले तसे इथले थांबले. पोलीस भरतीसाठी पहाटे फुलसावंगीच्या रस्त्यानं पळायची, ते सुटलं. रात्रभर जागून उठवतच नव्हतं. मैदानी चाचणीत मी धापा टाकत मागे पडले. याडी म्हणजे आई, हे तुला मीच शिकवलं होतं ना? ती माझी याडी रोज कपाळाला हात लावून ताप बघायची.

मग पुसदचं स्थळ आलं. मला वाटलं तू घरी बोलशील. तू म्हणालास, घाबरू नको, आपण गेममध्येच लग्न लावून टाकू. त्या रविवारी पाहुणे ओट्यावर बसले होते आणि मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. आत गव्हाच्या कोठीवर ठेवलेल्या मोबाईलमध्ये माझी बाहुली पांढरी साडी नेसून तुझ्याशेजारी मंडपात उभी होती, तुझे सगळे दोस्त फुलं उधळत होते. पाहुण्यांनी विचारलं, पोरीले सैपाक येते काय? तेवढ्यात आत फटाके वाजले. नंतर तू लिहिलंस, आता आपल्याला कोणी वेगळं करू शकत नाही. तुला ते खरंच वाटत होतं, राजदीप. मला त्याचीच भीती वाटली.

म्हणून मी बस, मग जीप करत दारव्ह्याला दुकानात आले. तुझं नाव घेतलं, तू आवाज ओळखलास, तुझे कान लाल झाले. मामांनी गल्ल्यावरून विचारलं, कोन आहे रे? आणि तू मला म्हणालास, कोनता चार्जर पाह्यजे, ताई? मी चार्जर घेतला आणि बाहेर पडले. परतीच्या जीपमध्ये रडले नाही. शेजारची बाई मेथी निवडत होती, तिला निवडू लागले. घरी येऊन आपलं ते घर पाडलं, जांभळासकट. तुला दिसलंच असेल.

आता हे पत्र का, ते सांगते. काल बा जेवायला बसला तेव्हा मी पुसदला नाही म्हटलं. काहून, म्हणाला. मी तुझं नाव सांगितलं, आडनावासकट. त्यानं ताट सरकवलं. तांड्याचे नायक हिरासिंगकाका समजवायला आले. म्हणाले, पोरी, हे काही तुह्या मोबाईलमधलं गाव नाही. मी म्हटलं, म्हणूनच तं इथं सांगून राह्यली. याडी तेवढी उठून माझ्या शेजारी येऊन बसली. मी पुन्हा पळायला लागले आहे, पुढची भरती सोडणार नाही. तुझ्याकडून मला एकच गोष्ट हवी. तुझ्या आईसमोर, मामांसमोर माझं नाव घे. मग त्यांना घेऊन तांड्यावर ये, दिवसाउजेडी, मोठ्या रस्त्यानं. तेवढं जमत नसेल तर उत्तर पाठवू नकोस, आणि त्या गेममध्ये माझ्या नावानं नवं घरही बांधू नकोस. मी माझ्या घरात तुझं नाव घेतलं आहे. ते आता मागे घेणार नाही, तू ये किंवा नको येऊस.

आलास तर तुझीच,
नाही आलास तरी ताठ मानेनं,
वर्षा