पुढचा उजवा खांदा

२ नोव्हेंबर
आजपासून नियमित लिहिणार. डोकं पुन्हा दाराला आपटलं. काशीतल्या या दुर्गाघाटाच्या गल्ल्या माझ्या उंचीच्या माणसासाठी नाहीत. गरगरलंही, बीपी तपासायला हवं.
या उंचीवरच पोट भरलं. रेल्वे, बँक, साखर कारखाना, पोलीस, शिवाय दोन-तीन क्लब. सगळीकडे बास्केटबॉलचा सेंटर, सगळीकडे एकाच सीझनचा करार. ज्याला त्याला मी हवा होतो, मग एका जागी टिकणार कसा? पद्मा म्हणते, ठेवून कोणी घेतलं? बायकोला खेळातलं कळत नाही.

५ नोव्हेंबर
बिंदुमाधवाला बघून आलो. रेल्वेच्या टीमचा आमचा कॅप्टन. डॉक्टरांनी आता घरीच ठेवा म्हटलंय. मॅचआधी तो मनगटावरचं घड्याळ काढून माझ्याच हातात द्यायचा, एवढा विश्वास. खेळवलं कमी, कारण मी हुकमी पत्ता. तो शेवटी टाकायचा असतो. मॅच त्याआधीच संपायची.
आज म्हणाला, जन्मभर बाकावर बसलास, निदान माझ्या तिरडीला तरी खांदा दे. म्हटलं, पुढचा उजवा माझा. शब्द दिला आहे.

६ नोव्हेंबर, पहाटे
झोप नाही. बाकीचे खांदेकरी जेमतेम साडेपाच फुटांचे. पण सेंटरला गुडघ्यात वाकून चालायची सवय असते. प्रॅक्टिस सुरू. खांद्यावर गव्हाची गोणी घेऊन घाटाच्या पायऱ्या.
पद्मा म्हणाली, अहो, तो माणूस अजून खिचडी खातोय.

९ नोव्हेंबर
गुडघा सुजला. म्हणजे व्यायाम लागू पडतोय.
बिंदूला सांगितलं, माझी तयारी झाली. म्हणाला, मग मलाच घाई करायला हवी. हसला. मग बराच वेळ खोकला.

१४ नोव्हेंबर
प्रॅक्टिस बंद. मोठ्या मॅचआधी विश्रांती लागते. गोणी पद्माने दळायला पाठवली.

१७ नोव्हेंबर
बिंदू सकाळी गेला.
तिरडी उचलली. पुढे उजवीकडे मी. गुडघ्यात वाकलो, गुडघा धरला. सरळ उभा राहिलो तर बिंदू मागे सरकायला लागला. मागून त्याचा पुतण्या यज्ञेश म्हणाला, काका, आप छोड़ दीजिए, बिंदूकाका फिसल रहे हैं. अजून त्यांच्या दारातच होतो.
माझ्या जागी कोपऱ्यावरचा पानवाला आला. तिरडी सरळ झाली.
खांदा देणाऱ्यांनी आपापले मोबाईल माझ्याकडे दिले. बिंदूच्या पत्नी इरावतीवहिनी उंबऱ्यापर्यंत आल्या आणि त्याचं घड्याळ माझ्या हातात ठेवलं. म्हणाल्या, यांनी सांगून ठेवलं होतं, भाऊजींकडे द्या.
मणिकर्णिका घाटापर्यंत सगळ्यांच्या मागून गेलो. गर्दीतही पुढचं सगळं दिसत होतं.

१७ नोव्हेंबर, संध्याकाळ
मोबाईल ज्याचे त्याने नेले. पद्माने गुडघ्याला तेल लावलं.
घड्याळ चालू आहे. मॅच संपली की तो परत मागायचा.