निळ्या बुटांवरचे ओरखडे

नंदनवन, नागपूर
१८ मे

प्रिय मोनाली,

पत्र पाहून दचकशील. फोनच केला असता, पण फोनवर माझा आवाज चढतो आणि तू ठेवून देतेस, हे दोन वर्षांत चांगलं कळलंय. आयटीआयमध्ये तीस वर्षं वेल्डिंग शिकवलं, खडखडाटात ओरडून बोलायची सवय लागली ती लागलीच. कागदावर तेवढं ओरडता येत नाही, म्हणून लिहायला बसलो. तुझी आई बरी आहे. कूलरची खस कालच बदलली, तरी दुपारी भिंतीला हात लावता येत नाही.

परवा ते निळे बूट काढले. कोर्सच्या पहिल्या वर्षाला स्वतः शिवून दीक्षाभूमीवरच्या अशोक विजयादशमीच्या सुट्टीत तू आणलेस आणि मी अंगणात भिरकावले, तेच. आईनं दिवाणात पेपरात गुंडाळून ठेवले होते. एकाच्या टाचेला फरशीचे ओरखडे, दुसऱ्याच्या पुढच्या टोकाला घासल्याचे काळे डाग. सगळं माझंच कर्तृत्व. ते पुसावे म्हणून बसलो आणि अक्कल पाजळली. पॉलिश म्हणजे काळं, एवढंच मला ठाऊक, तेच लावलं. निळ्यावर हा एवढा काळा डाग. आई म्हणाली, "आता काहून त्याच्या मागं लागून राहिले? तेव्हा फेकले ते पुरे नाही झालं का?" मी बूट पिशवीत भरले. माझा आवाज चढला नाही ही आपल्या घरात बातमीच आहे.

मग चौकात चपला शिवणारे नत्थूजी आहेत ना, त्यांच्याकडे गेलो. म्हणाले, रंगीत चामड्याले जोर चालत नाही सर. आधी ओल्या फडक्यानं धूळ पुसायची, मग डागावर खोडरबर हलक्या हातानं फिरवायचं. मग त्याच रंगाची क्रीम, तीही आधी आत, बुटाच्या लेसखालच्या जिभेमागं लावून बघायची. सावलीत सुकली की जुन्या बनियननं चोळायचं. ओरखडा खोल असला तर झाकतो, जात नाही, हेही बजावलं. कोणी शिवले विचारलं, तर मी म्हटलं, माझ्या मुलीनं. टाके निरखून म्हणाले, हात बसलाय पोरीचा. खरं सांगतो, अभिमान वाटला, आणि तितकीच लाजही वाटली.

माझा राग तू पाहिलास, त्यामागचं मी कधी धड सांगितलं नाही. तुझे आजोबा देवराव सावनेरकडच्या गावात मेलेली गुरं ओढायचे, कातडी सोलायचे. नाही म्हणायची सोय नव्हती. छप्पनला बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन परतले आणि कातडी सोलायचा सुरा नदीत फेकला. पुन्हा कातड्याला हात लावला नाही. मला शाळेत घातलं तेव्हा माझ्या आईजवळ एवढंच म्हणाले होते, याच्या हाताले तो वास नको. आणि तू चेन्नईला जाऊन चामडंच शिकते म्हणालीस. माझं डोकं फिरलं. बाबांवर ते काम लादलेलं होतं आणि तू ते आवडीनं निवडलंस, हा फरक मला समजायला दोन वर्षं लागली. वेल्डिंगच्या पोरांना एवढा वेळ मी कधी दिला नाही.

काल क्रीम लावून बघायला बुटाची जीभ उलटली, तर मागं तुझं अक्षर. 'बाबा, नऊ नंबर.' मी समजत होतो, तू आपला हट्ट मला दाखवायला बूट आणलेस. ते माझ्यासाठी शिवलेस हे मी पाहिलंच नाही, आणि तूही सांगितलं नाहीस. सांगायला मी जागाच कुठे ठेवली होती? घालून पाहिले, बरोबर बसले. आई पदर तोंडाला लावून आत गेली. तुझ्या शेवटच्या वर्षाच्या प्रदर्शनाचं निमंत्रण तिच्या एकटीच्या नावानं आलंय, आणि ते योग्यच आहे. तिचं तिकीट काढलं. माझं अजून काढलं नाही. माझं चुकलं, मोनाली. मी आलो तर चालेल का, एवढंच विचारायला हे पत्र.

तुझाच,
बाबा