चिमणीचा पत्ता

प्रिय ताई,

तू विणलेला स्वेटर पोचला. मी अजून शाळेतच आहे असं समजून माप धरलंस वाटतं, बाह्या कोपरापाशीच थांबतात. तरी घालते. लाँड्रीतल्या बायका हसतात, हसू देत.

इस्पितळातले आजारी बरे होऊन घरी जातात, चादरी मात्र धुतल्या की पुन्हा येतात. हात घड्या घालत राहतात आणि जीव तुमच्या घरी येऊन बसतो. संध्याकाळी माझी चिमणी शाळेतून आली असेल, दप्तर दारातच टाकलं असेल, तू ओरडली असशील. रविवारी फोनवर पाच मिनिटं बोलते आणि खेळायला जाऊ का विचारते. मी जा म्हणते आणि फोन कानाला तसाच धरून बसते.

तिला तुझ्याकडे ठेवताना मी अतिशहाणपणा केला. शाळेत चटकन घ्यावं म्हणून पालक म्हणून तुझं नाव घातलं, पत्ताही तुझाच. वाटलं, सहा महिन्यांचा तर प्रश्न. त्याला तीन वर्षं झाली. एकट्या आयांचा भत्ता मागायला गेले, तर कचेरीच्या खिडकीतल्या बाई म्हणाल्या, मूल घरात हवं. मूल आणायचं तर रात्रपाळी सोडायला हवी, आणि ती सोडायची तर आधी भत्ता हवा. इकडे आड, तिकडे विहीर.

गेल्या महिन्यात नियम बदलला. एकट्या आईला आता दिवसपाळी मागता येते. शाळा सुटल्यावर मुलांना थांबायला इस्पितळाशेजारीच पाळणाघर निघालंय. भत्ताही मूल यायच्या आधी मंजूर होतो. त्याच बाईंनी आठवणीनं फोन करून मला बोलावलं. मी त्यांच्यासमोर रडले, आणि त्यांनी खिडकी दहा मिनिटं बंद ठेवली.

परवा फोनवर चिमणी मला चुकून मावशी म्हणाली. मला राग आला, ताई. तुझा आला, आणि लगेच लाजही वाटली. तिचा ताप, तिचे पडलेले दात, तिची पहिली वेणी, सगळं तुझ्या हातचं आहे.

सोबत एक कागद आहे. मी तिची आई असले तरी कागदोपत्री पालक तू आहेस, तुझ्या सहीशिवाय ती माझ्याकडे येऊ शकत नाही. महिनाअखेरीच्या आत तो कचेरीत द्यायचा आहे. तुला दुसरं मूल नाही. ती निघाली की तुझं घर कसं होईल ते मला ठाऊक आहे, तशाच घरात मी तीन वर्षं राहते आहे. तरीही मागते. सही कर.

तुझीच,
धाकटी