समोरच्या खुर्चीतला डाव

प्रिय ठोंब्या,

पन्नाशी उलटली तरी मी तुला ठोंब्याच म्हणणार, नाक मुरडायचं तर मुरड. ताईचं अक्षर बघून तू म्हणशील, हिला आता काय हवंय? दोन गोष्टी हव्यात. आपली ती पत्त्यांची स्पर्धा पुढच्या महिन्यात पुन्हा भरतेय, तिच्यासाठी मी साठ पत्ते निवडून नवा डेक बांधतेय, तो तू खेळावास. आणि तो डेक तपासताना माझ्या समोरच्या खुर्चीत कोण बसतं, हे मला कुणीतरी सांगावं. हसू नकोस. मी घाबरलेय.

शिवणकाम हल्ली कमीच घेते. जेवण झालं की कापडं बेतायचं टेबल रिकामं करते आणि दोन्ही बाजूंना साठ-साठ पत्ते मांडते. गुण मोजायला अजूनही बटणंच, माझी पांढरी, समोरच्याची काळी. एकट्यानं डेक तपासायचा तर काय करायचं, हे तूच मला शिकवलं होतंस: जागेवर बसून दोन्ही हात खेळायचे नाहीत. उठायचं, टेबलाला वळसा घालून पलीकडच्या खुर्चीत बसायचं, आणि इकडे हातात काय होतं ते साफ विसरायचं. तेव्हा मला ते काही केल्या जमायचं नाही. मी दोन्हीकडून लबाडी करायचे आणि तू चिडून पत्ते फेकायचास. आता मात्र जमतं. इतकं जमतं की पलीकडे गेलेलं मला आठवतच नाही.

मी पत्ता टाकते, चष्मा पुसते, मान वर करते, तर समोरून उत्तर आलेलं असतं. आणि चालसुद्धा माझी नसते रे! मी पडले हिशेबी, एक शिपाई द्यायचा तरी माझ्या जिवावर येतं. समोरचा पहिल्या तीन फेऱ्यांतच सगळे शिपाई उधळून टाकतो आणि मग मोठा पत्ता हातात धरून शेवटपर्यंत गप्प बसतो. असं खेळणारा अख्ख्या जगात मला एकच माणूस माहीत आहे. परवा उठून पलीकडे गेले आणि खुर्चीच्या बैठकीवर हात ठेवला. ती गरम होती. मोरीत दोन कप विसळायला पडले होते.

निकाल मी वहीत लिहिते. बावन्न डाव झालेत. त्यातले निम्मे मला आठवत नाहीत, ते एक वेळ सोड. एकेचाळिसाव्या डावापुढे लिहिलंय, ‘ताईकडे नावाडी आहे, तो बाहेर पडू द्यायचा नाही.’ माझ्याच वहीत माझ्याविरुद्ध कट! अक्षर कलंडलेलं होतं. मी मनाची समजूत घातली की त्या बाजूला उजेड डावीकडून येतो, म्हणून तसं आलं असेल.

नावाडी तुला आठवतोच. बाद झालेला पत्ता पुन्हा हातात आणून देणारा. त्याच्यावाचून तुझा डेक म्हणजे मिठावाचून आमटी. तर नव्या डेकमधला नावाडी सारखा नाहीसा होऊ लागला. मोजले की एकोणसाठ. दुसरा आणून घातला, तोही गेला. मग तिसरा. मी पलंग ओढला, मशीनचं कपाट उपसलं, शेजारणीच्या मांजरावरसुद्धा आळ घेतला. शेवटी मंगळवारी एका झग्याला बटण हवं होतं म्हणून बटणांचा डबा वर्तमानपत्रावर पालथा केला. तिन्ही नावाडी तळाला चिकटलेले. डाव संपला की मी टेबलावरची बटणं हाताच्या एका फटक्यात डब्यात लोटते ना, बटणांखाली पत्ता असला तर तोही आत जातो.

त्या तिघांखाली चौथा होता. पिवळ्या कव्हरातला, कोपऱ्यात तुझी शाईची खूण असलेला. अकरा वर्षांपूर्वीचा.

ठोंब्या, मी तिथेच फरशीवर बसले. फायनलच्या दिवशी पंचांनी तुझे पत्ते मोजले, एकोणसाठ भरले, आणि एक पान न खेळता तुला उठवलं. तू म्हणालास, ताई, सकाळी डेक तपासायला तू काढला होतास. आणि मी सगळ्यांदेखत आईची शपथ घेतली की मी हात लावला नाही. वर तुला वेंधळा म्हणाले. तू दोन वर्षं त्या एका दिवसासाठी खपला होतास. चूक माझी होती रे. सगळी माझी. शपथ खोटी निघाली आणि आता आईची माफी मागायची सोयही राहिली नाही. तुझी मागते.

आता खरं काय ते सांगते. मागे शेजारीण मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली होती. बाईंनी कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं. मी बारा आकडे असे सुबक काढले की शाळेत लावावेत. काटे काढायचे राहिले. बाई गोड बोलल्या, पण मी काय दुधखुळी आहे? जे आहे ते वाढतच जाणार. म्हणून माफी आठवतेय तोवर लिहायला बसले आणि आत्ता, इथवर लिहून झाल्यावर, तारीख बघायला वही उघडली. शेवटच्या पानावर माझ्याच अक्षरात होतं, ‘डब्यात पिवळा नावाडी सापडला. ठोंब्याला पत्र टाकलं.’ त्याखाली पुन्हा तेच. त्याखाली तिसऱ्यांदा. तीन वेगळ्या तारखा, पहिली दोन महिन्यांपूर्वीची. म्हणजे मंगळवारी फरशीवर बसले ती काही पहिल्यांदा नव्हे; दर वेळी तो पत्ता बटणांबरोबर पुन्हा डब्यात गेला असणार. आणि अगदी तळाशी, त्या कलंडलेल्या अक्षरात, एक ओळ: ‘ताई, पहिलंच पोचलं. मी आलोय. रोज दुपारी येतो.’ म्हणून हे चौथं पत्र मी टपालात टाकत नाही, पलीकडच्या खुर्चीवर ठेवतेय. तू आलास की आधी हे वाच, मग पत्ते पिस. मी कदाचित विचारीन, आपण कोण? चिडू नकोस. पुन्हा एकदा नाव सांग, आणि मला माफ केलंस की नाही तेही पुन्हा सांग. आधी सांगितलं असशील, पण मला ते आठवत नाही.

तुझीच वेंधळी,
ताई